वॉटर पार्कचं पोरगं नदीवर

सकाळी सव्वाआठला माझा जीव जायची वेळ आली. घरचे देव न्हाऊ घालायला आम्ही राहू गावाला नदीवर गेलो होतो. मी देवाचे टाक घासत होते, तेवढ्यात आमचा ओम गळ्याएवढ्या पाण्यात गेलेला दिसला. धावत जाऊन दंडाला धरून ओढला.

"आई, बुडायला लागलं की शिट्टीवाले काका येतात की."

दर सुट्टीला ह्यांनी पोराला वॉटर पार्कला न्यायचं, जिथं शिट्टीवाला बुडणाऱ्याला काढायला उभाच असतो; दुसरीकडं कुठं न्यायचंच नाही. आणि आमचे हे काठावर हसतायत. म्हणाले, "पोरगं धीट हाय. तिथं कवा बुडलं का?"

मी म्हणलं, "तिथं बुडत न्हाई, म्हणून तर हितं बुडत होतं."

तेव्हा हसणं थांबलं.

पोरांना पार्कात नेणाऱ्या सगळ्यांना एवढं सांगा, नदीवर शिट्टीवाला नसतो.