दुधाच्या निमित्तानं

माझं माहेर नगरचं. पप्पा मिशनच्या शाळेत पी.टी.चे मास्तर, त्यामुळे आम्ही भावंडं मैदानावरच वाढलो, आणि मी खो-खो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत बरं का, नुसतं शाळेत नाही. लग्न ठरलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, बाळा, पळणं सोडू नकोस, रोज थोडं तरी पळ. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

ह्यांची नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारात, आणि घर घेतलं गाझियाबादला, तेव्हा तिकडे नवीन कॉलन्या निघत होत्या, थोडी घरं आणि बाकी मोकळे प्लॉट, मोहरीची शेतं अगदी दाराशी. सासूबाई आमच्याकडेच, दोन मुलं, डबे, ह्यांची बस. आता ह्यात कसं सांगायचं, की मला पळायचंय? साडीतली बाई कशाला पळतेय, मागे कुत्रं लागलंय का? मला नुसत्या विचारानंच लाज वाटायची. मग दुधाचं काम मी मागून घेतलं. बूथ लांब होता. उजाडायच्या आत किटली घेऊन निघायचे, साडीखाली भावाचे जुने कॅनव्हासचे बूट, आणि कोपरा वळला की पदर खोचून जी सुटायचे ती थेट पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीच्या खांबाला हात लावायचा, खो-खोच्या खुंटाला लावतात तसा, आणि वळसा घेऊन परत बूथवर. काय सांगू तुम्हाला, धुक्यात मी एकटी आणि ती रिकामी किटली खडखडतेय, पण दिवसभर अंगात जीव असायचा. घरी विचारलं उशीर का, तर लाइन मोठी होती. वर्षानुवर्षं चाललं हे, मुलांच्या परीक्षा, आजारपणं, कशातच खंड नाही, कारण दूध तर रोज लागतंच ना.

मग सगळं बदलायला लागलं, घरोघरी रंगीत टीव्ही आले, कॉलनीत दुकानं आली, आणि एका संध्याकाळी हे खुशीत सांगायला लागले, उद्यापासून दुधाची पाकिटं दारात येणार, मी बोलून आलोय, फार वर्षं थंडीत गेलीस तू, आता झोप जरा. सासूबाई म्हणाल्या, बिल्कुल, पोरीचे हाल संपले. किती मायेनं बोलले हो दोघं. आणि मी म्हटलं, अच्छा. बस्स.

मला पळायला आवडतं, एवढंच तर बोलायचं होतं. नाही निघालं तोंडातून. चार दिवस कोथिंबीर आणते म्हणून बाहेर पडले, मग तेही सुटलं. पप्पा फोनवर विचारायचे, पळतेस ना, मी म्हणायचे हो. आणि लोकांना सांगत राहिले की सासूबाईंमुळे सुटलं, संसारात बाईला कुठे जमतं. त्यांनी तर कधी अडवलंच नव्हतं, मी विचारलंच नाही तर अडवणार कशाला? त्या गेल्या, आता कुणाची माफी मागू? फार शरम वाटते हो मला ह्याची.

आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आणि आमची सून रोज सकाळी बूट घालते आणि मोठ्यानं सांगते, आई, मी पळून येते, चहा तुम्ही करून घ्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं, येताना दूध आण. ती हसली, आई, दूध तर दारातच आलंय. हल्ली मलाही खाली नेते, पळणं कुठलं, गुडघे गेलेत, चालते आपली. परवा लिफ्टमध्ये तिनं विचारलं, आई, रोज ही पिशवी कशाला घेता, आपण काही आणत तर नाही. मी म्हटलं, असू दे गं, लागली तर. देव तिला असेच पाय देवो. मला अजून रिकाम्या हातानं घराबाहेर पडता येत नाही.