तात्याबांची पुढची तारीख

आकुर्डीच्या समुपदेशन केंद्रात निशिगंधा आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. घरी तिने ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यात कुरुळी गावचे तात्याबा, त्यांची बायको कुशाबाई आणि कंपनीत लागलेला मुलगा ऋतिक आतून बाहेर येऊन समोर बसले.

"पोराला पोरं आवडत्यात ह्यो रोगच न्हाई म्हंत्यात मॅडम," तात्याबा कुरकुरले. "मग पुढल्या आठवड्याला परत कुणाला बोलावलंय?"

"तुम्हाला," ऋतिक म्हणाला.

"मला? मला काय झालंय?"

"झोप न्हाई, भूक न्हाई, सारखं पाव्हणं काय म्हंतील," कुशाबाई म्हणाल्या. "त्यो तर पोटभर जेवून शिफ्टला जातोय."

"अगं, पर पाव्हण्यांत त्वांड कसं दावू?"

"त्यातलं एक तरी माणूस तुमाला आवडतं का?"

तात्याबांनी बराच विचार केला. "न्हाई."

"मग त्यांच्यापायी लेकाला का छळताय?"

ऋतिक हसता हसता डोळे पुसू लागला.

"निशिगंधा!" आतून हाक आली. तिला उठवेना.

"जा पोरी, भिऊ नगंस," तात्याबा म्हणाले. "मॅडम तुला काय बी म्हणायच्या न्हाईत. आईबापालाच धारेवर धरत्यात."