विहीर बुजवायला आलेला जावई

(लुसाकातली कान्यामा वस्ती. पूर येऊन पाच दिवस झाले, अंगणात अजून पोटरीभर पाणी. आई आत चटईवर. जावई कापासा बाहेर, दाराकडे पाठ करून. मुलगी कासोंदे उंबऱ्यात.)

कासोंदे : आई, ते म्हणतात, विहीर आजच बुजवायची. पालिकेच्या यादीत आहे.

आई : विचार त्याला, सासूच्या दारी पहिल्यांदा आलास, तो चुन्याची गोणी घेऊन?

कापासा : म्हणावं, दुसऱ्याला पाठवणार होते. तो एवढं ऐकून घेत उभा राहिला नसता.

कासोंदे : आई, ते म्हणतात –

आई : ऐकू येतं मला. जावयाला घरात घ्यायचं जेवण झालं नाही, तोवर सासू-जावयानं एकमेकांशी बोलायचं नाही, एवढंच. आणि ते जेवण रांधू कशात? नळ कोरडा. विहीर बुजवल्यावर काय त्याचं तोंड बघून तहान भागवू? तेही बघायचं नाही मला.

कापासा : संडासाचं पाणी झिरपतंय आत. तपासणीची बाटली दाखव त्यांना.

कासोंदे : ही बघ. परवा तुझ्याच विहिरीचं भरलं होतं. मैला असला की असं काळं पडतं.

आई : संडास कुठे, विहीर कुठे! एकवीस वर्षं पितेय. शिवाय दवाखान्यानं दिलेलं पाणी शुद्ध करायचं औषध अख्खं ओतलंय विहिरीत. शेजारणींना म्हटलं, आता बिनघोर न्या.

कापासा : ते बादलीत थेंब थेंब घालायचं होतं. विहिरीला कुठलं पुरतंय.

कासोंदे : कोण कोण नेतं गं पाणी?

आई : सगळ्याच. शेजारची मुतिंता न्यायची.

कासोंदे : न्यायची म्हणजे?

आई : काल दवाखान्यात नेलं तिला. जुलाबांनी उभी राहत नव्हती.

कासोंदे : आणि तू? ओठ बघ तुझे. ऊठ बघू.

आई : उठवत नाही. पहाटेपासून आठ वेळा झालं. त्याला सांगू नकोस. तिथे पटकीनं मेलं तर मयतही घरी देत नाहीत. भीती वाटते गं मला.

कासोंदे : दोन पावलांवर उभे आहेत ते, आई.

कापासा : दवाखान्यात न्यायला हवं. चुन्याची हातगाडी चिखलात रुतेल. कुणी आहे का शेजारी?

कासोंदे : कोण असणार? सगळे याच विहिरीचं प्यालेत. मला एकटीला ती उचलवत नाही. तुम्हीच घ्या.

आई : नको. जावयाच्या अंगाला हात लावण्यापेक्षा इथेच पडते.

कापासा : आई.

कासोंदे : अहो –

कापासा : आई, मी कापासा. पाठमोरा आत येऊन बसतो. तुमचं तोंड बघणार नाही. गळ्यात हात टाका.

कासोंदे : धर, आई. मी मागून धरते.

आई : कासोंदे, त्याला सांग...

कासोंदे : काय सांगू?

आई : राहू दे. जावईबापू, डावीकडून चला. उजवीकडे पाण्याखाली संडासाचा खड्डा आहे. विहिरीला अगदी लागून.