न्याहारी आणि चष्म्याची दोरी

कोरडा वारा हो, नुसता कोरडा वारा! सकाळी दार उघडलं तर ओठ फुटतील असा, ऊन पांढरंफटक, आणि आमच्या धंद्याला अशा हवेसारखा वैरी नाही. आम्ही खुर्च्यांना वेत विणणारे... वेत भिजवायचा, ओला आहे तोवर विणायचा, वाळला की कडकन मोडतो. अशा दिवशी हात भरभर चालायला नको? आणि हात कशानं चालणार, तर म्हणे न्याहारीनं! हे घरातले म्हणतात. मी आपला गप खातो.

झालं काय, तुम्हाला सांगतो, दुकानाचा मालक माणूस भला, पण मागच्या आठवड्यात म्हणाला, "काका, दुपार व्हायच्या आत तुमची मान पडते. पुन्हा डुलकी दिसली तर मग घरीच आराम करा." आराम! अहो, घरी बसून मी काय करू? हात रिकामे राहिले की माणूस आतून वाळतो, त्या वेतासारखा. आणि हे मी घरी बोलून बसलो...

सूनबाई म्हणाली, "बाबा, ओट्स खा. त्याची ताकद हळूहळू सुटते." हळूहळू म्हणजे किती हो? दिवसभर दुकानात पेंगलो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर सुटली! सगळे जेवतायत आणि मी टेबलावरच्या कापडाच्या झालरीला गाठी मारतोय! मुलगा म्हणाला, "ओट्सनं काय होतंय? अंडी द्या, अंडी!" अंड्यांनी बळ आलं, नाही म्हणत नाही, पण ते पोटातच ठाण मांडून बसलं, बोटांपर्यंत पोचलंच नाही. मग लेकीचा फोन, "बाबा, त्या दोघांचं ऐकू नका, पावाला जाम लावून खा, लगेच तरतरी येते." आली की! असा सुटलो, कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्च्याही विणून टाकीन म्हटलं... आणि मग एकदम, दिवा विझावा तसा. आता तिघांची आपसात जुंपली. मन कुणाचं मोडायचं? मी आपला गप खातो.

त्या वाऱ्याच्या दिवशी तिघांचंही खाल्लं. ओट्स, अंडी, वर जामपाव. पोटात एक म्हणतंय हळू, दुसरं म्हणतंय बस, तिसरं म्हणतंय पळ! समोर डॉक्टरीणबाईंची खुर्ची, त्या ती न्यायला येणार. वेत वाळायच्या आत म्हणून मी वाकून विणतोय, विणतोय... डोळे कधी मिटले देव जाणे, पण जन्माची सवय, हात थांबले नाहीत! मालकाचा आवाज आला, "काका, बाई आल्यात, उठा." "उठतो की," म्हणत उठलो... तर खुर्चीही उठली! अहो, गळ्यातली चष्म्याची दोरी मी खुर्चीच्या बैठकीत विणून टाकली होती! चांगली पक्की! मी वाकलेला, खुर्ची गळ्यात, आणि बाई विचारतायत, "हे घरपोच देता का?"

दोरी कात्रीनं कापली. बाई हसल्या, उद्या नेईन म्हणाल्या. मालक हसला नाही हो. तेच मला लागलं. हळूच म्हणाला, "काका, उद्याचा एक दिवस बघतो. मग नाही." तेही गप खाल्लं.

संध्याकाळी पायरीवर बसलो होतो, तर भिंतीला भिंत लागून राहणारा शिंपी येऊन टेकला. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं, "उद्या काय खाऊ, तेवढं सांग बाबा."

तो म्हणाला, "वहिनी होत्या तेव्हा काय खायचात?"

"काय खाणार? कालचा पाव, कोरा चहा आणि तिची बोलणी! टॉवेल ओलाच टाकलात, कडी लावली नाहीत, माझ्या भावाशी धड बोलला नाहीत... दुकानात पोचलो तरी मनातल्या मनात तिला उत्तरंच देत असायचो. डुलकीला फुरसत कुठली?"

बोलता बोलता माझं मलाच कसंतरी झालं. आता घरात सगळे मला जपतात हो. वाकडा शब्द नाही कुणाचा. सकाळी बशी पुढ्यात येते, आणि सगळं शांत...

शिंपी उठला, ढुंगण झटकलं आणि म्हणाला, "दादा, पाव कुठलाही खा. उद्या सकाळी अर्धा तास आमच्या हिला पाठवून देतो."