बारा संच आणि काचेवरचा ठिपका

दि. १९ फेब्रुवारी १९९१, धुळे

माझे नाव अभिमन रुपचंद पाटील, वय २१, धंदा झेरॉक्स दुकानात नोकरी, शिक्षण बी.एस्सी. दुसरे वर्ष अर्धवट, मूळ रा. पारोळा, हल्ली रा. धुळे. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

मी दीड वर्षापासून नासीरभाई यांच्या दुकानात झेरॉक्स मशीन चालवतो. कॉलेज का सोडले असे हवालदार साहेबांनी विचारले. त्याचा येथे संबंध नाही.

आमच्या गल्लीत लीलाधर मास्तर गायनाचा वर्ग घेतात. त्यांनी स्वतः बांधलेल्या चालींचे स्वरलिपीचे पुस्तक पदरमोड करून छापले आहे. पहिल्याच पानावर, लेखी परवानगीशिवाय नक्कल करू नये व जाहीर कार्यक्रमात गाऊ नये, असे आहे. ते मी वाचले होते.

जानेवारीअखेर त्यातले एक पुस्तक माझ्याकडे आले. कोणाकडून ते सांगणार नाही. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात बारा मुलींना एक समूहगीत म्हणायचे होते, त्याची चार पाने हवी होती. मास्तरांना विचारून येते, तोवर काढू नको, असे मला बजावले होते. मी थांबलो नाही. त्याच दुपारी बारा संच काढले आणि मास्तरांचा होकार मीच आणला, असे खोटे सांगून पुस्तकासह परत दिले. समोरच्याला आनंद होईल एवढेच डोक्यात होते.

मशीनच्या काचेवर एक डाग होता. त्याचा काळा ठिपका प्रत्येक नकलेवर एकाच जागी उठतो. तीन पानांवर तो कोऱ्या जागेत पडला. चौथ्यावर तिसऱ्या ओळीतल्या 'सा'च्या बरोबर खाली पडला. अक्षराखाली ठिपका असला की तो सूर खालच्या सप्तकात लावतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

दि. १६ रोजी कार्यक्रम झाला. मी शेवटच्या रांगेमागे उभा होतो. पुढे मास्तर बसले होते. त्या ओळीला अकरा मुली एकदम खाली उतरल्या. एकट्या कुंदाचा आवाज वर राहिला. तापामुळे ती तालमीला नव्हती, घरी पुस्तकावरूनच बसवले होते. बरोबर तीच होती. लोक ती चुकली समजून हसले. पुढे ती गायली नाही.

दि. १८ रोजी सकाळी मास्तर त्यातली एक नक्कल घेऊन दुकानात आले. त्यांनी कोरा कागद काचेवर ठेवून नक्कल काढायला लावली. ठिपका उठला. ते अहिराणीत म्हणाले, "हाऊ ठिपका मन्हा नही शे." म्हणजे हा ठिपका त्यांचा नाही. मी म्हणालो, गाणे काय तुमच्या सातबाऱ्यावर चढले आहे का? ते म्हणाले, "सातबारा नाही रे बाबा. पण पेरलं मी."

मग म्हणाले, जी बरोबर गायली तिच्याकडे पुस्तक होते, हे मला कळते. "तिचं नाव मी माझ्या तोंडाने घेणार नाही. तू घे. मग तिला वर्ग बंद." तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मी पंचिंग मशीन उचलून काचेवर घातले. मास्तरांना हात लावला नाही. नासीरभाई काचा वेचत म्हणाले, "अभिमन, ठिपका तर कागदांवर गेला ना. काच फोडून काय मिळालं?"

नकला मी काढल्या, खोटे मी बोललो, काच मी फोडली. कायद्याप्रमाणे जे असेल ते माझ्या एकट्यावर लावावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सांगितले तसाच उतरला आहे. फक्त कार्यक्रमाच्या मजकुरात एक नाव माझ्या तोंडून गेले, ते विनंतीवरून आडवी रेघ मारून खोडले. तरी ते वाचता येते. खाडाखोडीच्या जागी सही लागते असे हवालदार साहेबांनी सांगितले. त्या नावाशेजारी केलेली सही माझी आहे व ती मी राजीखुशीने केली आहे.

(सही) अभिमन रुपचंद पाटील