झिऱ्याच्या घळीतलं कोकरू

वाटेवर सापडलेले कोकरू वाटसरूने खांद्यावर घ्यावे आणि चालता चालता त्याचे पाय लांबत जाऊन जमिनीला टेकावेत, ही भुताची गोष्ट अनेक रूपांनी सांगितली जाते. नदीकाठच्या गावांत हा वाटसरू बाजाराहून परतणारा शेतकरी असतो, घाटमाथ्यावर तो टपाल नेणारा गडी होतो. वेळ मात्र जवळपास सर्वत्र रात्रीची. मेंढपाळांच्या तळावर, जेवणे उरकल्यावर म्हाताऱ्या जे रूप सांगतात, त्यात कोकरू उचलणारी बाई आहे आणि वेळ भर दुपारची आहे. हा बदल उगाच झालेला नाही. रात्री माशी उडत नाही, आणि या कथेचे माशीवाचून चालत नाही.

तर ऐका. वैशाख अर्धा सरला होता. मेंढ्या नुकत्याच कातरून झालेल्या, आणि कातर चालली की कुठंतरी चामडीला लागतंच. त्यावर वळवाची सर येऊन गेली. ओली लोकर, उघडी जखम आणि वरून ऊन! माशीला आणखी काय हवं? ठकूबाई रोज सकाळी एकेक मेंढी धरून शेपटीखाली बघायची, खुरांच्या बेचक्यात बघायची, कोकरांच्या बेंबीला हळद भरायची. एवढं करूनही बोरीची जखम नजरेतून सुटली.

आता ही बोरी कोण, ते ऐका. ठकूच्या आईनं तिला लग्नात एक मेंढी दिली होती. तिच्या वंशातली ही शेवटची. बाकीच्या साथीत गेल्या. बोरीच्या कासेला आठ दिवसांचं कोकरू होतं. बोरी गेली असती, तर तेही गेलं असतं, आणि ठकूच्या माहेरचं त्या कळपात काही उरलं नसतं.

त्या दिवशी बोरी चरायला गेली नाही. मान खाली, मागचा पाय आपटतेय, सारखी शेपटीकडे वळतेय. ठकूनं शेपटी उचलली. वास आला. बोट लावून पाहिलं, तर चामडी आतून हलत होती!

"आत्याबाई, किडं पडल्यात हो!"

सासू कोंडाबाई उठून आली, वाकून बघितलं. "माहेरची म्हणून हातानं चारा घालतीस, आन शेपटीखाली बघायला येळ न्हाई व्हय गं?" असं बोलली खरी, पण तिचाही चेहरा उतरला.

किडे पाडायला सीताफळीचा पाला लागतो. वैशाखात सीताफळी झडून नुसत्या काड्या राहतात. हिरवा पाला एकाच ठिकाणी मिळायचा: झिऱ्याच्या घळीत, तिथं उन्हाळ्यातही पाणी पाझरतं. पुरुषमाणसं मेंढ्यांमागं गेलेली, ती दिवेलागणीलाच परतणार.

"दुपार टळू दे," कोंडाबाई म्हणाली. "बाराच्या उन्हात त्या घळीत कुणी जात न्हाई."

"किडं थांबत्यात व्हय आत्याबाई, दुपार टळंस्तवर?" असं म्हणून ठकू निघालीसुद्धा.

घळीत पोचली. पाला ओरबाडला, ओटीत भरला, मागं वळली. सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली. पाखरू बोलत नव्हतं. आणि तेवढ्यात कोकरू ओरडलं.

वाटेच्या कडेला पडलं होतं. पांढरं, महिनाभराचं. मांडीवर बोटभर जखम आणि जखमेत वळवळ. आता सांगा, मेंढरांत जन्म काढलेल्या बाईला असं कोकरू ओलांडून जाता येतं का? नाही येत! ठकू बसली. मूठभर पाला दगडावर ठेचला, रस पिळला. किडे पडले. जखम निवळली असं वाटलं, तोवर आणखी वर आले. दुसरी मूठ ठेचली. आणखी आले! तिसरी मूठ, चौथी मूठ. जखम बोटभर आणि किडे ओंजळभर. ठकूनं ओटीत हात घातला, तर तळाशी मूठभर पाला राहिलेला.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली, "ह्यो माझ्या बोरीचा. तू तळावर चल, तितं बघू तुझं."

कोकरू खांद्यावर घेतलं आणि चालू लागली. दहा पावलांवर ते मोठ्या मेंढीएवढं जड झालं. वीस पावलांवर पाठ वाकली. मग त्याचे खूर तिच्या नडग्यांवर आपटू लागले. महिन्याच्या कोकराचे पाय नडगीपर्यंत पोचतात? ठकूनं मान वळवली. तिच्या घामेजल्या तोंडावर माश्या होत्या, रसाच्या हातांवर माश्या होत्या. गालाशी टेकलेली ती उघडी जखम मात्र कोरी. तिच्यावर एकही माशी नव्हती!

आणि कानाशी कोंडाबाईच्या आवाजात कुणीतरी बोललं, "ठके, तेवढा पाला टाक. वजं हलकं हुईल."

ठकूचा हात ओटीकडे गेला. पाला टाकावा तर बोरी जाते. ठेवावा तर आपण जातो. गळ्याभोवती पाय आवळत चालले होते. ऐका, सीताफळीचा रस लागलेला हात डोळ्यांना लावायचा नाही, डोळे जातात, हे मेंढपाळाच्या बाईला सांगावं लागत नाही. ठकूनं पाला सोडला नाही. दोन्ही ओले तळवे वर नेले आणि त्या कोकराच्या डोळ्यांत चोळले!

कोकरू किंचाळलं, पण किंकाळी बाईची होती. घळीच्या दोन्ही अंगांनी आली. ओझं खाली पडलं आणि ठकू धावत सुटली. मागं पावलं वाजत होती. आधी चार पायांची, मग दोनच पायांची. तळावरची कुत्री भुंकत पुढं आली, तेव्हा ती पावलं थांबली.

कोंडाबाईनं सुनेच्या ओटीतला पाला काढून घेतला.

"पुरंल का, आत्याबाई?"

"पुरवायचा."

पाला ठेचून रस जखमेत सोडला, चोथा आत भरला, वर फडकं बांधलं. जे किडे पडले नाहीत, ते कोंडाबाईनं बाभळीच्या काट्यानं एकेक करून काढले. दिवेलागणीला बोरीनं कोकराला पाजलं.

"त्या वाटंनं पुन्यांदा कुणी जायाचं न्हाई," कोंडाबाईनं परतलेल्या पुरुषांना बजावलं. तुम्हीही ध्यानात ठेवा. अजून त्या घळीच्या वाटेनं मेंढरू नेत नाहीत.

चौथ्या दिवशी तळ हलला. अर्ध्या दिवसाचा वळसा घेऊन ओढ्याच्या वाटेनं गेला. बोरी कळपात आपल्या पायांनी चालत होती.