उरलेला निम्मा

आपला थांबा मागे पडला तरी सुतार बसमधून उतरला नाही, कारण पुढच्या बाकावर मायलेकींचं बोलणं रंगात आलं होतं.

"आई, लॅबमधलं यंत्र बिघडलंच नव्हतं गं! वळूच्या कातडीच्या पेशीत जेवढा डीएनए, त्याच्या निम्माच वीर्यातल्या पेशीत असतो. मी वेड्यासारखी तीनतीनदा मोजत बसले!"

"अगं हळू बोल, बस भरलीय. निम्माच कशाला?"

"उरलेला निम्मा गाईच्या बीजातून येतो. दोन्ही मिळून वासरू!"

"माणसाचंही असंच?"

"अगदी असंच."

"म्हणजे तू निम्मी माझी?"

"बरोब्बर निम्मी!"

"मग आधी तुझ्या आत्याकडे चल. पंचवीस वर्षं म्हणतेय, पोरगी सगळीच्या सगळी आमच्यावर गेलीय. आणि तिथे मात्र मोठ्याने बोल."